ग्राम न्यायालयातील न्यायाधिकाऱ्याची पात्रता : एक चिकित्सा

ग्रामीण जनतेला तिच्या दारी न्याय मिळावा या हेतूने संमत झालेला ग्राम न्यायालय अधिनियम, 2008 हा 2 ऑक्टोबर 2009 पासून अमलात आला. न्यायाधिकाऱ्याची नेमणूक राज्य शासन उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी होण्यास पात्र असलेली व्यक्तीच या पदास पात्र ठरते, असे कलम 6 सांगते. हा निकष पुरेसा आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विधी आयोगाने 1986 च्या 114 व्या अहवालात कायदा जाणणारा एक न्यायाधीश आणि दोन सामान्य नागरिक अशा त्रिसदस्य रचनेची शिफारस केली होती. कायद्याचे ज्ञान व गावाची जाण यांची सांगड घालणे हे तिचे मर्म होते. संसदेने मात्र एकट्या विधिज्ञ न्यायाधिकाऱ्याची निवड केली. गावातील गटबाजी व जातीय दडपण पाहता ही निवड निराधार म्हणता येणार नाही. तथापि तिच्यामुळे सामान्य नागरिकाचे न्यायपीठावरील स्थान नाहीसे झाले व तो सलोखाकाराच्या भूमिकेपुरता उरला.

येथेच अधिनियमातील विसंगती स्पष्ट होते. न्यायाधिकाऱ्याने वेळोवेळी गावोगावी जाऊन फिरते न्यायालय भरवावे, दिवाणी वादात प्रथम समेटाचा प्रयत्न करावा, पुराव्याच्या तांत्रिक नियमांत अडकू नये, अशी कायद्याची अपेक्षा आहे. या कामास बोलीभाषेची ओळख, शेतीच्या बांधावरील तंट्यांची समज व सातबाऱ्याचे ज्ञान लागते. कलम 6 यांपैकी कशाचाही उल्लेख करीत नाही. कार्य वेगळे, पात्रता मात्र तीच, असा हा प्रकार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. न्यायदंडाधिकाऱ्याच्या पात्रतेशी जोडलेल्या न्यायाधिकारीपदावरही तिचा परिणाम संभवतो. न्यायालयीन अनुभव मोलाचा आहेच. परंतु प्रारंभीच्या वकिलीतील तुटपुंजे उत्पन्न गरीब घरांतील उमेदवारांना परवडणारे नसते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिला यांना प्रतिनिधित्व देण्याचा आदेश त्याच कलम 6 मध्ये आहे. पात्र उमेदवारांचा वर्गच संकोचला, तर हा आदेश कागदावर राहील.

सारांश, पात्रता शिथिल करणे हा यावरील उपाय नव्हे. विधी पदवीची अट कायम ठेवून, नेमणुकीपूर्वी समेटाचे व महसुली अभिलेखांचे प्रशिक्षण आणि स्थानिक बोलीचा परिचय अनिवार्य करणे, हाच अधिनियमाच्या हेतूशी सुसंगत मार्ग ठरेल.