उमेदवारी हरवलेली कला

'शोले'ला फिल्मफेअरची नऊ नामांकनं होती. पारितोषिक मिळालं एकच, तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. ठाकूर झालेला संजीवकुमार जन्माने सुरतेचा, हरिहर जरीवाला. त्याच्या नावाचं प्रेक्षागृह सुरतेच्या पाल भागात आहे. त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक त्याला मिळालं, पण ते 'आँधी'साठी. 'आँधी'चं संकलन वामन भोसले आणि गुरुदत्त शिराली या जोडीचं. म्हणजे सुरतेच्या या नटाची त्या वर्षाची कमाई या दोन संकलकांच्या हातांखालून पडद्यावर गेली. नटाच्या नावाचं सभागृह उभं राहिलं. संकलकाच्या नावाचं सभागृह निदान माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि त्याबद्दल गळा काढण्यातही अर्थ नाही. अदृश्य राहणं हा या धंद्याचा करारच आहे. चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे.

'शोले'तला ठाकूरच्या कुटुंबाचा संहार आठवून पाहा. झोपाळा, गोळ्या, कोसळता कोसळता पडद्यावर गोठलेली एकेक आकृती. शेवटी गब्बर लहान पोरावर बंदूक रोखतो आणि पोराचं मरण न दाखवता स्टेशनात शिरणारी गाडी येते. ठाकूर घरी परततो आहे. क्रौर्य तिथे दाखवलेलं नाही, दोन तुकड्यांच्या सांध्यात लपवलेलं आहे. हा सांधा लेखकाने सुचवला की दिग्दर्शकाने, हा प्रश्न गौण. तो नेमक्या कोणत्या चौकटीवर बसेल, हे टेबलावर बसलेल्या माणसाला ठरवावं लागतं. सेकंदाला चोवीस चौकटी असतात आणि त्यातल्या दोन इकडेतिकडे झाल्या की गाडी नुसती गाडी राहते.

'शोले'साठी सुमारे तीन लाख फूट फिल्म खर्ची पडली असं सांगतात. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते. म्हणजे झाले साधारण पंचावन्न तास, आणि त्यातून उरले तीन तास वीस मिनिटं. लांबत गेलेल्या चित्रीकरणाचा हा हिशेब. आज एखाद्या रिअॅलिटी शोत दहा कॅमेरे सहा तास चालू ठेवले की एका दिवसात याहून जास्त माल गोळा होतो. तो कापायला मिळते एक रात्र, फार तर दोन.

'आँधी' कापणारे वामन भोसले गोव्यातल्या पोंबुर्फाचे. 1952च्या सुमारास मुंबईत येऊन ते बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली लागले. पुढे 'पाकीजा'चं संकलन करणारे हेच पै. बॉम्बे टॉकीजला टाळं लागल्यावर भोसले फिल्मिस्तानात गेले आणि बारा-एक वर्षं साहाय्यकच राहिले. स्वतंत्र संकलक म्हणून राज खोसलांचा 'दो रास्ते' आला तो 1969 साली. 'इनकार'साठी राष्ट्रीय पुरस्कार, त्यानंतर 'दोस्ताना', 'कर्ज', 'अग्निपथ', 'सौदागर', 'गुलाम'. दोनशेहून अधिक चित्रपट हातावेगळे करून 2021च्या एप्रिलमध्ये ते गेले. बारा वर्षं साहाय्यक राहणं आजच्या मुलाला छळ वाटेल, आणि त्यात छळ होताही. पगार तुटपुंजा, नाव शून्य, आणि बापाचा धंदा नसेल तर आत शिरण्याचीच मारामार. पण त्या बारा वर्षांत माणूस करत काय होता, हे पाहायला हवं.

साहाय्यक रशेस, म्हणजे चित्रीकरणाची कच्ची रिळं, जुळवायचा. क्लॅपरचा आवाज आणि पाटी मिटण्याची चौकट एकत्र आणायचा, तुकड्यांवर नंबर टाकायचा, कापून उरलेल्या ट्रिम कापडी पिशवी लावलेल्या बिनमध्ये खिळ्यांवर टांगायचा. संकलकाने हात पुढे केला की चार चौकटींचा हरवलेला तुकडा शोधून द्यायचा. काम हमालीचंच. पण ती हमाली एका खोलीत चालायची, आणि त्याच खोलीत मूव्हीओला या संकलनयंत्राशेजारी दिग्दर्शक आणि संकलक भांडत असायचे. "इथं धरून ठेव." "नाही, इथं ती आधीच रडून चुकलीय, आता नुसती नाक पुसतेय." असली वाक्यं कुठल्या पाठ्यपुस्तकात नसतात. तुकडा हातात घेऊन उभा असलेला पोरगा ती ऐकत असे, आणि दुपारी कापलेला प्रसंग संध्याकाळी परत जोडला जाताना पाहत असे. चूक कशी दिसते आणि ती दुरुस्त कशी होते, हे दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर घडे.

संगणक आले आणि ही खोलीच फुटली. आता कार्ड रिकामं करणं, फुटेज हलक्या फायलींत बदलणं, आवाज जुळवणं ही साहाय्यकाची कामं रात्री होतात. संकलक दिवसा येतो, त्या वेळी पोरगा घरी झोपलेला असतो. दोघांची भेट हार्ड डिस्कवरच्या फोल्डरांच्या नावांतून होते. सुरतेजवळच्या इच्छापोरच्या हिऱ्यांच्या कारखान्यांत, किंवा सुरतेत कुठेही, नवा रत्नकलाकार घंटीवर जुन्याच्या शेजारी बसून पैलू पाडायला शिकतो. त्याला रात्रपाळीला एकट्याला नुसते खडे मोजायला बसवून दोन वर्षांनी "आता पाड पैलू" म्हटलं, तर शेठला वेड लागलं असं लोक म्हणतील. आपण संकलनात नेमकं हेच करतो आणि त्याला वर्कफ्लो म्हणतो.

प्रभातच्या आवारात 1960 साली पुण्याची फिल्म संस्था उभी राहिली. गुरूच्या मर्जीवर चालणाऱ्या उमेदवारीला तिने पर्याय दिला. आत शिरायला प्रवेशपरीक्षा पुरे, आणि बाहेर पडताना रे, एझेनस्टाइन, ओझू पाहिलेले. रेणू सलुजा याच संस्थेतल्या. 1983 या एका वर्षात त्यांनी 'जाने भी दो यारों' आणि 'अर्धसत्य' दोन्ही कापले. एकात महाभारताच्या नाटकाचा तो बेभान गोंधळ, दुसऱ्यात तेंडुलकरांच्या पटकथेतला आवळत जाणारा फास. एकाच हाताला दोन इतक्या वेगळ्या लयी येतात, तेव्हा 'शैली' या शब्दाचं वजन कमी होतं. 'परिंदा', 'धारावी', 'सरदार', 'गॉडमदर' अशा चार चित्रपटांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, आणि 2000 साली, पन्नाशीही न गाठता, त्या गेल्या. माझ्या मते मुंबईच्या सिनेमातलं या कलेचं सगळ्यात उंच टोक त्याच.

पण संस्था वर्षाला मूठभर संकलक देते, आणि वाहिन्यांची भूक त्याच्या शेकडोपट आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं. पुढे व्हिडिओ टेपचं संकलन आलं ते एका ओळीत पुढे जाणारं. मधला एक शॉट लांबवायचा तर पुढचं सगळं पुन्हा उतरवा, आणि प्रत्येक उतरवणीत चित्र आणखी मळतं. त्यामुळे कट करण्याआधी विचार करणं भाग पडे. आज मागे जाणं फुकट झालं आहे. मागे जाऊन पाहायला वेळ मात्र कोणालाच नाही. अर्ध्या तासाच्या स्लॉटला बावीस-एक मिनिटांचा भाग, रोज, आणि तयार एपिसोडांची बँक बहुधा रिकामी. मग सासूचा चेहरा, सुनेचा चेहरा, पुन्हा सासू, तिन्हींवर ढोल. याला प्रेक्षकाची अभिरुची जबाबदार असं वाहिन्या म्हणतात. मला यात अभिरुचीपेक्षा बेरीज जास्त दिसते. दिवसाचं शूट सतरा मिनिटांचं भरलं की उरलेली पाच मिनिटं चेहऱ्यांतूनच काढावी लागतात. मराठी मालिकांच्या संकलकांत कसबी माणसं आहेत. दोन नटांच्या वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या शॉटांतून ते एकच भांडण उभं करतात, आणि ते पटतंही. त्यांचं कसब भोकं बुजवण्यात खर्च होतं.

शाळा आणि वाहिनी यांच्याही बाहेर तिसरं जग आहे. सुरतेतल्या लिंबायत, उधना, पांडेसरा इथल्या खानदेशी कुटुंबांच्या लग्नांचे व्हिडिओ कापणाऱ्याला संकलक कोणी म्हणत नाही, तो मिक्सिंगवाला. एडियस या संकलनाच्या सॉफ्टवेअरवर तयार टेम्प्लेट, हळदीला एक गाणं, पाठवणीला एक, वर तीन मिनिटांची हायलाइट. समीक्षकाने नाक मुरडावं असं पुष्कळ आहे त्यात. तरी एक सांगायला हवं: पाठवणीत आईचा चेहरा किती वेळ ठेवायचा, हा प्रश्न या पोरालाही पडतो, आणि त्याची चूक पाचशे नातेवाईक एकदम ओळखतात. इतका तातडीचा न्याय चित्रपटातल्या संकलकाच्याही वाट्याला येत नाही.

याच खानदेशाच्या शेजारचं, यंत्रमागांचं गाव मालेगाव. तिथले नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत. दुसऱ्यांचे सिनेमे दाखवता दाखवता त्यांची नजर तयार झाली, आणि व्हीसीआर जोडून कापाकापी करत त्यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' उभा केला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. फैजा अहमद खान यांच्या 2008च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने हे जग बाहेर नेलं. शिंदेंचा 'शोले' पार्लरमध्ये बसून पाठ केलेला हा विद्यार्थी. उमेदवारीच ती, फक्त गुरू पडद्यापलीकडचा. पण अशाने नक्कल आणि विनोद उत्तम शिकता येतात. स्वतःच्या कटावर दुसऱ्याची हरकत ऐकून तो बदलणं शिकता येत नाही.

मराठी चित्रपटात गेल्या दशकात दोन कामं अशी झाली की त्यांच्यापुढे ही तक्रार क्षणभर गप्प बसते. 'कोर्ट' (2014) रिखव देसाई यांनी कापला. तिथे कट येतच नाही, आणि आपण खुर्चीत चुळबुळतो. शेवटाकडे न्यायालयातले दिवे मालवतात, पडदा काळा होतो, संपलं वाटतं, आणि सिनेमा न्यायाधीशांच्या सहलीला निघतो. त्या काळोखाची लांबी हाच चित्रपटाचा युक्तिवाद आहे. 'सैराट'मध्ये (2016) कुतुब इनामदार यांनी पूर्वार्ध गाण्यांच्या उधाणावर सोडला, हैदराबादला आल्यावर हात आखडला आणि शेवटी आवाजच काढून घेतला. पावणेतीन तासांवर गेलेला हा सिनेमा लांब वाटत नाही, हे विशेष. एरवी मराठी परीक्षणात संकलकाची आठवण येते ती "कात्री हवी होती" या एका वाक्यापुरती, आणि तीही बहुतेक वेळा निर्मात्याने ठरवलेल्या लांबीसाठी.

चांगला संकलक फार काळ टेबलाशी टिकत नाही, हेही खरं. नागपूरचे राजकुमार हिरानी पुण्यात संकलन शिकले, 'मिशन कश्मीर' कापला, आणि पुढे स्वतःचेच चित्रपट कापू लागले. संजय लीला भन्साळी आणि डेव्हिड धवनही तिथे संकलनच शिकलेले. 'कोर्ट'चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी 'द डिसायपल' स्वतः कापला. दिग्दर्शकांचा यात फायदाच झाला. पण दिग्दर्शकच संकलक झाला की खोलीतलं ते भांडण संपतं, आणि ते ऐकायला तुकडा हातात घेऊन उभा राहणारा पोरगा तर आधीच गेलेला असतो. मालिका करणाऱ्या एखाद्या निर्मात्याने साहाय्यकाला आठवड्यातून दोनच दिवस दिवसपाळीला, संकलकाच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, तर खर्च किती वाढेल? एका खुर्चीचा, आणि दोन वेळच्या चहाचा. एवढ्यासाठी अजून कोणी पुढे आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.