डाउडन यांचा शेले आणि हॅरिएट

१० डिसेंबर १८१६ रोजीं लंडनच्या हाइड पार्कमधील सर्पेंटाइन तलावांत एका तरुणीचें प्रेत सांपडलें. कॉरोनरपुढें ‘हॅरिएट स्मिथ’ असें खोटेंच नांव आलें, आणि ज्यूरीनें ‘मृत आढळली’ एवढेंच म्हटलें. ती इंग्रज कवि शेले याची पत्नी.

मृत्यूच्या कारणाविषयीं ज्यूरी गप्प राहिली, प्रो. डाउडन मात्र १८८६ च्या आपल्या शेलेचरित्रांत गप्प राहत नाहींत. शेवटच्या दोन वर्षांतील शेलेचें कोणतेंही कृत्य या मृत्यूस कारण झालें नाहीं, अशी ग्वाही ते देतात. दोनच वर्षें कां? शेले तिला सोडून गेला तो १८१४ च्या जुलै महिन्यांत; म्हणजे मूळ अपराधच हिशेबाबाहेर! मार्क ट्वेननें १८९४ मध्यें या ग्रंथाची जी झाडाझडती घेतली, ती एका विनोदकाराची म्हणून विद्वानांनीं हंसण्यावारी नेऊं नये.