लव्हाळ्याची नाव आणि डांबराचे गोळे

थॉर हायरडाल यांच्या 'रा'च्या सफरींवरील ग्रंथास आतां अर्धशतक उलटून गेलें. धाडसाची कथा म्हणून तो अजूनहि वाचला जातो. ज्या प्रमेयासाठीं तो लिहिला गेला, तें मात्र पंडितांनीं केव्हांच बाजूस ठेवलें आहे. प्राचीन मिसर देशाचे लोक पपायरसच्या, म्हणजे एका जातीच्या लव्हाळ्याच्या, नावेंतून अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेस जाऊं शकले असतील, हें तें प्रमेय. जाऊं शकले असतील, हें लेखकानें स्वतः जाऊन दाखविलें. गेले होते, हें दाखविणें ही निराळी गोष्ट आहे, आणि या दोहोंमधील अंतर ग्रंथांत कांहीं ठिकाणीं जरा चोरपावलांनीं ओलांडलें जातें असें आम्हांस वाटतें.

आम्हीं हा ग्रंथ परवां पुन्हां हातीं घेतला तो या वादासाठीं नव्हे. गेल्या वैशाखांत कोंकणांतील एका गांवीं किनाऱ्यावर फिरून परत आलों, तों दोन्ही तळवे काळे आणि चिकट झालेले. ज्यांच्या घरीं उतरलों होतों, तेथील वृद्ध बाईंनीं कांहीं न विचारतां घासलेटांत भिजविलेली चिंधी पुढें केली व म्हणाल्या, "पावसाच्या तोंडावर हें यायचेंच." डांबराचा तो गोळा पाहतांच हायरडाल यांच्या ग्रंथांतील एक प्रसंग आठवला.

प्रसंग असा. १९६९ च्या मे महिन्यांत मोरोक्कोच्या साफी बंदरांतून 'रा' निघाली. पुढें महासागराच्या मध्यावर, जेथें दिवसेंदिवस जहाज दृष्टीस पडत नाहीं अशा ठिकाणीं, नावेभोंवतीं काळे डांबरी गोळे तरंगूं लागले. एके दिवशीं सकाळीं पाहतात तों पाणी इतकें घाण कीं दांत घासण्याचा ब्रश त्यांत बुडविण्याची सोय उरली नाहीं. आणि चाड देशाहून आलेले अब्दुल्ला जिब्रीन यांना वजूसाठीं पिण्याच्या पाण्यांतून जादा पाणी द्यावें लागलें. सागराचें सारें पाणी भोंवतीं असतां एका श्रद्धाळू माणसास हातपाय धुण्यापुरतें शुद्ध पाणी मिळूं नये! लेखकानें ही गोष्ट ओझरत्या वाक्यांत सांगितली आहे, तींत शोक नाहीं कीं अलंकार नाहीं. आणि आमच्या मतें साऱ्या ग्रंथांत याहून बोलका भाग दुसरा नाहीं. प्रमेयाच्या पानांवर लेखक वकील असतो. येथें तो केवळ साक्षीदार आहे, आणि त्यामुळेंच त्याच्यावर विश्वास बसतो.

ही साक्ष अशा नावेंतूनच मिळण्यासारखी होती. मोठ्या आगबोटीच्या कठड्यावरून समुद्र निळा दिसतो. लव्हाळ्याची नाव पाण्याशीं इतकी समपातळीवर असते कीं लाटेबरोबर आलेला वाटाण्याएवढा गोळाहि हाताशीं येतो. शिवाय लेखकाजवळ तुलनेसाठीं स्वतःचीच आठवण होती. १९४७ सालीं 'कॉन-टिकी'वरून पॅसिफिक महासागरांत त्यानें १०१ दिवस काढले होते, आणि तेव्हां माणसाची अशी कोणतीहि खूण त्यास पाण्यांत आढळली नव्हती. म्हणून १९७० मध्यें 'रा-२' घेऊन निघतांना त्यानें रोजच्या रोज पाहणी करावयाचें ठरविलें. मदानी ऐत उहानी या मोरोक्कन सोबत्याकडे हातजाळ्यानें नमुने गोळा करण्याचें काम आलें. बार्बाडोसपर्यंतच्या ५७ दिवसांपैकीं ४३ दिवस गोळे आढळले. हा अहवाल संयुक्त राष्ट्रसंघाचे तेव्हांचे सरचिटणीस ऊ थांट यांच्याकडे गेला. सत्तावन्नांत त्रेचाळीस : हे दोन आंकडे आम्हांस पुष्कळ सागरकाव्यांहून अधिक वजनदार वाटतात. (आमचे विद्यार्थी समुद्रावर निबंध लिहितात तेव्हां तो एक तर 'रत्नाकर' असतो, नाहीं तर 'अथांग'. त्यांतील एकानेंहि अद्याप किनाऱ्यावर पाय ठेवलेला दिसत नाहीं.)

परंतु ग्रंथाचा दोषहि येथेंच आहे. गोळे कोठून आले हें विचारण्याची वेळ येते, तेव्हां लेखक साक्षीदाराची जागा सोडून व्यासपीठावर चढतो. पूर्व आणि पश्चिम जमिनीवरच्या सुधारणांसाठीं भांडत असतां सर्व राष्ट्रें समुद्राचें सामाईक गटार करीत आहेत, अशी त्याची तक्रार. तक्रार खरी आहे. पण 'सर्व राष्ट्रें' हा कर्ता असा आहे कीं त्याला कोठल्याहि न्यायालयांत उभें करतां येत नाहीं. खरा कर्ता फार साधा होता. तेलवाहू जहाज तेल उतरवून रिकामें परत निघालें कीं तोल राखण्यासाठीं त्याच टाक्यांत समुद्राचें पाणी भरलें जाई. भिंतींना चिकटलेलें तेल त्यांत मिसळे. आणि पुढच्या बंदराआधीं तें पाणी, टाक्यांच्या धुवणासह, समुद्रांत सोडून दिलें जाई. १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारानें यावर बंधन घातलें होतें, पण मुख्यतः किनाऱ्यापासून ५० मैलांच्या पट्ट्यांत. त्यापलीकडे भर समुद्रांत पाणी सोडणें बहुधा कायदेशीरच होतें! 'रा'भोंवतीं तरंगणाऱ्या गोळ्यांपैकीं कित्येक अगदीं नियमास धरून तेथें आले असावेत, हें ग्रंथ वाचून कोणाच्याहि ध्यानांत येणार नाहीं.

ज्या गद्यानें पुढें कांहीं घडविलें, तें मात्र कोणीहि आवडीनें वाचीत नाहीं. १९७३ चा 'मार्पोल' करार, त्याला १९७८ ची पुरवणी, आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून अंमल. नव्या मोठ्या तेलवाहू जहाजांत तोलाच्या पाण्यासाठीं स्वतंत्र टाक्या असाव्यात. टाक्यांच्या भिंती पाण्याऐवजीं कच्च्या तेलानेंच धुवाव्यात. एका फेरींत मालाच्या तीस हजाराव्या भागाहून अधिक तेल समुद्रांत जाऊं नये. यंत्रखान्यांतील पाण्यांत दशलक्ष भागांस १५ भागांहून अधिक तेल असूं नये. रुक्ष म्हणावें तर याहून रुक्ष काय असेल? तरी नेहमींच्या वाहतुकींतून समुद्रांत जाणारें तेल कमी झालें तें या कलमांमुळें. आमचे साहित्यिक मित्र यावर हंसतील. पण जो लेखक टाकीचा आकार सांगूं शकत नाहीं त्याचा समुद्रशोक आम्हांस अपुराच वाटतो. आमच्या तळव्याला लागलेला गोळा जहाजाचा, समुद्रांतील तेलविहिरीचा, कीं एखाद्या बुडालेल्या बोटीचा, हें त्या बाईंनाहि सांगतां आलें नसतें.

या करारांत एक वाङ्मयप्रकारहि दडलेला आहे, तो म्हणजे जहाजावरील तेलाची नोंदवही. किती गाळ निघाला, कोठें उतरविला, किती पाणी शुद्ध करून सोडलें, याची नोंद ठेवणें बंधनकारक आहे. आणि जेथें नोंद आहे तेथें कल्पनाविलास आलाच! शुद्धीकरणयंत्र टाळून घाण पाणी थेट समुद्रांत सोडणाऱ्या चोरनळीला खलाशांच्या बोलींत 'जादूची नळी' म्हणतात, आणि ती जोडलेली असतांहि वही निष्कलंक राहते. अमेरिकेंत अशा खोट्या वह्यांबद्दल जहाजकंपन्यांना न्यायालयांत वारंवार दंड झालेले आहेत. तेथील तपासनीस वही कशी वाचतो, हें टीकाकारांनीं शिकण्यासारखें आहे. तो यंत्र किती तास चालल्याचें लिहिलें आहे तें पाहतो, तें यंत्र तासाला किती पाणी उपसूं शकतें तें विचारतो, गुणाकार करतो, आणि मग खालीं उतरून नळ्यांचे सांधे हातानें चांचपून पाहतो. रंग नुकताच खरवडला गेला असेल, तर वही पुन्हां पहिल्या पानापासून वाचावयास घेतो.