मालदीवचीं प्रवाळकंकणें : पिरारची साक्ष व डार्विनची उपपत्ति

चार्ल्स डार्विननें आपल्या प्रवासवृत्तांत मालदीवविषयीं फ्रान्स्वा पिरारचें एक वाक्य उद्धृत करून त्यास १६०५ हें साल दिलें आहे. तें ग्राह्य नाहीं. पिरारचें गलबत १६०२ सालीं तेथील खडकांवर फुटलें, १६०७ पर्यंत तो त्याच बेटांत अडकून होता, आणि त्याचा ग्रंथ पॅरिसास छापला गेला तो १६११ सालीं. १६०५ हें फार तर पाहण्याचें साल, छापण्याचें नव्हे.

चूक लहान खरी; पण तिनें साक्षीदाराची योग्यता झांकली जाते. पिरार तेथील भाषा शिकला होता. प्रत्येक बेटसमूहाभोंवतींचा दगडी बांध मनुष्यकृत नाहीं, हें त्यानें डोळ्यांनीं पाहून लिहिलें. डार्विन मालदीवास गेलाच नाहीं; १८४२ च्या ग्रंथांत त्याची भिस्त कॅप्टन मोर्स्बीच्या १८३४-३६ च्या मोजणीवर आहे.

ज्वालामुखी खचतो, कांठचें प्रवाळ वर वाढतें व अखेर कंकण उरतें, ही त्याची उपपत्ति. पॅसिफिकमधील एनिवेटक येथें १९५२ सालीं सुमारें १,४०० मीटर खोलीवर, चुनखडीखालीं, ज्वालामुखीचा खडक लागला, त्यानें ती बळावली. परंतु मोर्स्बीच्या नकाशांत मोठ्या कंकणाच्या कांठींच लहान लहान कंकणें आहेत. प्रत्येकाखालीं निराळा पर्वत कसा कल्पावा? डार्विननें त्यांसाठीं जोडलेलें स्पष्टीकरण आम्हांस ओढून आणलेलें वाटतें. ड्रॉक्स्लर व जोरी यांनीं २०२१ सालीं मांडलेलें मत अधिक पटतें : हिमयुगांत समुद्र ओसरून उघड्या पडलेल्या चुनखडीच्या पठाराचा मध्य पावसानें झिजला, आणि पाणी पुन्हां चढतांना उंच राहिलेल्या कांठावर प्रवाळ वाढलें.