गूगलची मार्गदर्शिका म्हणजे थिअरी नव्हे : एका सिनॉप्सिसच्या निमित्ताने

पेटची तयारी करणाऱ्या एका मित्राने मागच्या आठवड्यात त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. विषय असा : जळगावातल्या करसल्लागारांच्या एका संघटनेच्या वेबसाइटची नव्याने रचना करायची आणि त्यामुळे ती गूगलवर जास्त दिसते का, हे तपासायचं. विषय मला आवडला. आपल्या खान्देशातला आहे, करता येण्यासारखा आहे. अडचण त्याच्या पायाशी आहे. 'सैद्धांतिक आधार' या प्रकरणात त्याने फक्त गूगलची 'एसईओ स्टार्टर गाइड' वापरली होती. म्हणून आज तिचीच समीक्षा.

आधी चांगली बाजू. ही मार्गदर्शिका प्रामाणिक आहे. पहिला नंबर मिळवून देण्याचं कुठलंही गुपित नाही, असं ती स्पष्ट सांगते. केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला काही तास लागतील किंवा कित्येक महिनेही लागतील, हेही सांगते. 'कीवर्ड्स मेटा टॅग' गूगल वापरत नाही, हे त्यात लिहिलेलं असूनही आपल्याकडे अजून तो टॅग भरून देण्याचे पैसे घेतले जातात. वेबसाइट बनवणाऱ्याने ती जरूर वाचावी.

पण संशोधकाने ती पुरावा म्हणून वापरली की गोंधळ होतो. क्रम लावणारी कंपनी गूगल, क्रम कसा सुधारायचा हे सांगणारी गूगल आणि सुधारला का हे मोजणारं 'सर्च कन्सोल'ही गूगलचंच. परीक्षक, गाइड लिहिणारा आणि गुणपत्रिका देणारा एकच. त्यामुळे निदान मोजमाप तरी दुसरीकडून यायला हवं.

दुसरा मुद्दा 'आधी आणि नंतर'चा. मित्र मे महिन्यात नवी साइट सुरू करणार आणि जुलैचे आकडे एप्रिलशी ताडून बघणार. आता बघा, वैयक्तिक रिटर्न भरायची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते. त्या दिवसांत करसल्लागार शोधणारे वाढणारच, साइट जुनी असो वा नवी. मग वाढ कशाची मोजली? रचनेची की मुदतीची? उपाय सोपा आहे. धुळ्यातली अशीच एखादी संघटना घ्या, जिच्या साइटमध्ये त्या काळात काहीच बदल झालेला नाही. दोन्हीकडची वाढ काढा आणि जळगावच्या वाढीतून धुळ्याची वजा करा. उरतं त्याच्यावर बोला. त्यासाठी दोन्ही संघटनांची आकडे द्यायची परवानगी आधीच घ्यावी लागेल.

तिसरा मुद्दा सरासरी क्रमांकाचा. समजा, आधी साइट एकाच शोधासाठी चौथ्या क्रमांकावर १०० वेळा दिसत होती. सरासरी ४. नव्या रचनेनंतर ती तिथे तशीच राहिली, शिवाय आणखी एका शोधासाठी तिसाव्या क्रमांकावर १०० वेळा दिसू लागली. सरासरी झाली १७. साइट दुप्पट वेळा दिसते आहे, पण तक्त्यात मात्र 'घसरण'! म्हणून सरासरीवर निष्कर्ष काढू नका, शोधवाक्यं वेगवेगळी करून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फार थोड्या लोकांनी केलेले शोध सर्च कन्सोल खासगीपणासाठी यादीत दाखवत नाही. एकूण बेरजेत ते असतात, तपशिलात नसतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या साइटला याने फार फरक पडत नाही. आपल्याला पडतो. कोणी 'खानदेश' लिहितो, कोणी 'खान्देश'. कोणी रोमन लिपीत मराठी लिहितो, कोणी बोलून अहिराणीत विचारतो. नुसतं 'जळगाव' म्हटलं तर बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव जामोदही मध्ये येतं. प्रत्येक प्रकार मोजक्या लोकांचा, म्हणून यादीतून गायब. म्हणजे ज्या चाळीसगावच्या दुकानदाराला किंवा साक्रीच्या शेतकऱ्याला संघटनेपर्यंत पोचायचं आहे, त्याचेच शब्द संशोधनात येत नाहीत. मग यादीत जे दिसतात त्यांच्याच शब्दांत साइट लिहिली जाते आणि तो आणखी मागे पडतो. मार्गदर्शिका सांगते की वाचक कोणते शब्द वापरेल याचा विचार करा. खरंय, पण ते शब्द मिळवायचे कुठून?

माझं उत्तर जुनंच आहे : लोकांना विचारा. वीस-पंचवीस जणांच्या हातात त्यांचाच मोबाइल द्या, 'रिटर्न भरायला माणूस शोधा' म्हणा आणि ते काय टाइप करतात ते लिहून घ्या. संघटनेचा फोन उचलणाऱ्या कारकुनाशी बोला. साइटवरचा जुना मजकूर युनिकोडमध्ये आहे का तेही तपासा. जुन्या फॉन्टमधलं मराठी आपल्याला वाचता येतं, सर्चला ती निरर्थक अक्षरं असतात. पानांचे पत्ते बदलणार असाल तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावा, नाहीतर बदलाच्या परिणामात तुटलेल्या दुव्यांचा परिणाम मिसळेल.

मित्राला मी विषय बदलायला सांगितलं नाही. शीर्षकातला 'दृश्यमानता' हा शब्द मात्र खोडायला लावला आणि विचारलं, 'कोणाला दिसायला हवी?' त्याचं उत्तर लिहून झालं की सिनॉप्सिस पुन्हा वाचणार आहे. तुमच्या विषयालाही हा प्रश्न एकदा विचारून बघा.