गॅस आला, तर गोंदियाने काय विचारावं?

मंडळी, आपल्याकडे वीज केंद्राची चर्चा चिमणीपाशी सुरू होते आणि चिमणीपाशीच संपते. त्यामुळे गॅसवरचं केंद्र म्हटलं की उत्तर तयार असतं: गॅस स्वच्छ, मग हरकत कसली? मला आज या युक्तिवादाबद्दल बोलायचंय, कारण तो अर्धा खरा आहे.

आधी खरी बाजू बघू. तिरोड्याचं कोळशाचं केंद्र 3,300 मेगावॅटचं. 660 मेगावॅटचे पाच संच, 2012 ते 2014 या काळात सुरू झालेले. देशी कोळसा शंभर टन जाळला की तीस-चाळीस टन राख उरते. गॅसला राख नाही. गॅसच्या आधुनिक केंद्रात साधारण दोन तृतीयांश वीज थेट गॅस टर्बाइनवर निघते, वाफेवर फक्त उरलेली. म्हणून पाणीही बरंच कमी लागतं. ज्या वैनगंगेवर तिरोड्याचं केंद्र, धापेवाड्याची उपसा सिंचन योजना आणि ढिवरांची जाळी असे सगळेच अवलंबून आहेत, तिथे ही गोष्ट लहान नाही.

पण राख नाही म्हणजे राखेचे ट्रक नाहीत, कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करणं नाही. गावातल्या पोरांना मिळणारं काम बरंचसं या घाणीभोवतीच असतं. हे कुणी उघडपणे बोलत नाही. बांधकाम संपलं की गॅसचं केंद्र मोजक्या तंत्रज्ञांवर चालतं.

माझा मुख्य आक्षेप मात्र इंधनाबद्दल आहे. गुहागर तालुक्यातलं दाभोळ बघा. एन्रॉनशी करार 1990च्या दशकातला. पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला तो नाफ्त्यावर, कारण गॅस उतरवायची सोयच तयार नव्हती. 2001 मध्ये विजेच्या दरावरून भांडण होऊन केंद्र बंद. 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि केंद्र पुन्हा थांबलं. 2015 मध्ये रेल्वेला वीज द्यायला थोडं चाललं. अंजनवेल-वेलदूरच्या लोकांनी विरोध केला, लाठ्या खाल्ल्या, जमीन गेली; आणि चिमणीतून धूर येतो की नाही, हे ठरलं भलतीकडेच.

तुम्ही म्हणाल, ते कोकणातलं, आपला काय संबंध? अहो, तिरोड्याचंच घ्या. या केंद्रासाठी चंद्रपूरचा लोहारा कोळसा पट्टा मिळाला होता. तो ताडोबाच्या शेजारी म्हणून रद्द झाला. कोळसा दुसरीकडून आणावा लागला, आणि वाढीव खर्च कुणी सोसायचा हा वाद वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे इंधनाचा फटका आपण घरातच पाहिलाय. तरी इंधन हा ‘स्थानिक परिणाम’ आपण मानत नाही!

आता मुंबईहून नागपूरमार्गे झारसुगुड्याकडे जाणाऱ्या गॅसवाहिनीमुळे विदर्भात अपेक्षा वाढल्यात. पण नळी आली म्हणजे परवडणारा गॅस आला, असं होत नाही. देशातली गॅस केंद्रं गेली कित्येक वर्षं सरासरी क्षमतेच्या पाव भागाहूनही कमी चालतात. काही तर नुसती उभी आहेत. 2013च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षं न वापरलेली जमीन परत करण्याची किंवा भूमी बँकेत टाकण्याची तरतूद आहे. केंद्र बांधून बंद पडलं, तर ती जमीन ‘न वापरलेली’ ठरवणं अवघडच.

जनसुनावणीत हे विचारता येतं. पण 2006च्या अधिसूचनेप्रमाणे मराठीत फक्त सारांश द्यावा लागतो, मुख्य अहवाल इंग्रजीतच राहतो. शेकडो पानांतलं काय सारांशात घ्यायचं हे प्रकल्पवालाच ठरवतो, आणि आपण त्या पानांवरच हरकती लिहितो. सुनावणीत तुमची हरकत नोंदली जाते; निर्णय तिथे होत नाही. म्हणून प्रश्न लेखी द्या: गॅस कुठून, किती वर्षांच्या कराराने, आणि नाही मिळाला तर गावाचं देणं कोण भागवणार? मंजुरी मिळाल्यावरही दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे. तिरोड्याच्या केंद्रालाही तो लागू आहे. गॅसची वाट बघायची गरज नाही. येत्या ग्रामसभेत तो मागता येईल.