मुद्रा आणि रस

२००४ साली स्टार वन वाहिनीवर सुरू झालेल्या ‘साराभाई वर्सेस साराभाई’ या हिंदी विनोदी मालिकेवर ‘मीम’ नावाची हास्यचित्रे आजही रचली जातात. मालिकेतील एखादी मुद्रा घ्यावी व तीवर आपल्या अनुभवाची ओळ लिहावी, एवढीच ही रचना. त्यांत माया साराभाईची मुद्रा विशेष लोकप्रिय आहे. सून मोनिषा हिची काटकसर पाहून कफ परेडची ही सासू ‘मिडल क्लास’ म्हणून नाक मुरडते. मालिकेत सुनेइतकेच सासूच्या दिमाखाचेही हसे होई. पती इंद्रवदन याची कोपरखळी तो दिमाख तत्काळ उतरवीत असे. चित्र सुटे होताच ही कोपरखळी गळते आणि तुच्छता तेवढी उरते. दुसऱ्याच्या राहणीवर ते चिकटविले, की विनोदाचा उपहास होतो. परंतु शाम्पूच्या रित्या बाटलीत पाणी घालणारा हात रचनाकाराचा स्वतःचा असेल, तर मायेचे मुरडलेले नाक त्याच्यावरच उलटते आणि गेलेला तोल परत येतो. मुक्तकातही प्रबंधासारखा रस भरता येतो, हे सांगताना आनंदवर्धनाने अमरूचा दाखला दिला होता. मीमलाही हीच कसोटी लावावी. स्वतःवर बेतलेले मीम तीस उतरते. दुसऱ्यावर फेकलेल्यात केवळ मुद्रा उरते, रस नव्हे.